ब्लॉकला हात न लावणारा मेस्त्री

सिग्नलला थांबले की शेजारचा हमखास विचारतो, "आरएक्स हंड्रेड ना? विकायची आहे का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग मेस्त्री कोण तुमचा? नंबर द्या की." सिग्नल सुटेपर्यंत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन होत नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

गाडी बाबांची, 1991 ची, कोल्हापूर पासिंग. यामाहाची ही 98 सीसीची टू-स्ट्रोक एस्कॉर्ट्सने आपल्याकडे 1985 ते 1996 एवढीच वर्षं काढली. नवीन मिळणार नाही, त्यामुळे आहे ती टिकवायची. बाबा गेल्यावर ती दीड वर्ष जिन्याखाली उभी होती. मग मी बाहेर काढली, चालवायला लागले, आणि दोनेक महिन्यांत मागून पांढरा धूर सुरू झाला. गाडी तापल्यावरही थांबेना. गल्लीतली पोरं खोकायची.

एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने एक्सलेटर दोनदा पिळला, धूर बघितला आणि सांगितलं, "इंजिन काम निघालं. बोअर करून पिस्टन टाकू." मी हो म्हटलं. पैसे गेले, आठ दिवस गेले, गाडी परत आली आणि धूर तसाच. ते पैसे मी विसरले. ब्लॉकचं, म्हणजे सिलिंडरचं, मात्र अजून लागतं. प्रत्येक बोअरिंगला सिलिंडर पाव मिलिमीटरने मोठा होतो आणि त्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. असं ठरावीक वेळाच करता येतं, पुढे ब्लॉक संपतो. आमचा ब्लॉक बाबांनी एकदा पंचवीसला, म्हणजे पाव मिलिमीटरला, नेला होता. या माणसाने तो काही कारण नसताना पन्नासला नेला.

शेवटी उद्यमनगरात कामाला असलेल्या मामांनी एका मेस्त्रींकडे पाठवलं. पत्र्याचं शेड, बाहेर दोन जुन्या गाड्या, बोर्ड नाही. मेस्त्रींनी गाडी चालूच केली नाही. आधी विचारलं, "धूर कवापास्नं? पांढरा का निळसर? गिअरचं ऑईल कधी बघितलंसा?" शेवटचा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी खाली ट्रे ठेवून गिअरबॉक्सचा नट काढला, निघालेलं ऑईल मापात ओतलं आणि माप माझ्यासमोर धरलं. या गाडीला सहाशे मिलीच्या वर ऑईल लागतं. आमचं चारशेसुद्धा भरेना. गाडीखाली, जमिनीवर थेंब नाही.

"मग गेलं कुठं?" मेस्त्रींनी मलाच विचारलं.

क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑईल सील, म्हणजे ऑईल अडवणारी रबरी कडी, कडक होऊन गेलं होतं. दीड वर्ष उभ्या गाडीत रबर असंच वाळतं. त्या फटीतून इंजिन गिअरचं ऑईल ओढून घेत होतं आणि जाळत होतं. सील बदललं, धूर गेला. जुनं सील त्यांनी पुसून माझ्या हातावर ठेवलं. त्याची कड नखाने दाबली तर वाकेना. बाजूच्या झाकणाखाली हत्यारांच्या पिशवीत ते मी अजून जपून ठेवलंय.

तर मेस्त्री कसा ओळखायचा? माझ्यापुरतं पहिलं उत्तर हेच. उघडण्याआधी जो विचारतो, तो. पिस्टन, सील, पेट्रोलसोबत जळणारं ऑईल इंजिनात सोडणाऱ्या पंपाची चुकलेली केबल, धुराला तिन्ही कारणं असतात, आणि त्यातली दोन तपासायला ब्लॉकला हात लावावा लागत नाही. दुसरं म्हणजे, शेडमधल्या इतर गाड्यांच्या इंजिनच्या झाकणाचे स्क्रू बघा. फुल्या झिजून गोल झाल्या असतील तर तिथे चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर चालतो. कार्बोरेटर साफ करताना जेटमध्ये तार घालणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. पितळी भोक तेवढ्यानेही मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. हवेने फुंकून साफ करणारा बरा. आणि "पंप काढून टाकू, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळा" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. केबलची खूण जुळवली, नळीतली हवा काढली की तो पंप उत्तम चालतो.

पहिल्याच भेटीत इंजिन सोपवू नका. ब्रेकचे लायनर, चेन, क्लच केबल असं लहान काम द्या आणि शेजारी उभं राहा. चांगल्या मेस्त्रीला त्याचा त्रास होत नाही. जुना पार्ट मागा. पैसे मात्र घासाघीस न करता त्याच दिवशी द्या. मेस्त्रींच्या शेडमध्ये तीन-तीन महिने उधारीवर पडलेल्या गाड्या मी बघितल्यात. आपलं काम नीट व्हावं असं वाटत असेल तर एवढं आपल्याकडून लागतं.

बाकी रोजचं फार नाही. टू-टी ऑईलची, म्हणजे त्या पंपाच्या ऑईलची, टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. प्लग अधूनमधून काढून बघायचा, कॉफीच्या रंगाचा असला की सगळं ठीक. कागदांचं म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहे, ते तारखेआधी करा. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. आमच्याच उसाच्या पट्ट्यात ते बनतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण 1991 चं रबर त्यासाठी केलेलं नाही. इथेनॉल पाणी धरतं, टाकी आतून गंजते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मी कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करते. पेट्रोलची नळी आणि कॉकचं वायसर गेल्या वर्षी बदललं.

नंबर मी परस्पर देत नाही. मेस्त्री एकटे आहेत, वय झालंय, आणि हातातली गाडी संपल्याशिवाय दुसरी घेत नाहीत. यायचं असेल तर आधी मला सांगा, मी त्यांना विचारून घेते.

आता आमच्या ब्लॉकचे पंचाहत्तर आणि शंभर असे दोनच टप्पे उरलेत. मेस्त्री म्हणतात, "नीट चालवलासा तर लई वर्सं हाय." गाडी भाचीला द्यायची असं मी ठरवलंय. ती अकरा वर्षांची आहे. रविवारी पुसायला येते, सीटवर बसते, किकवर दोन्ही पायांनी उभी राहते. किक अजून खाली जात नाही.