एकास बारा

शनिवार, १० जानेवारी, नेपरव्हिल (शिकागोजवळ)

गेल्या ऑक्टोबरात आमच्या गल्लीच्या टोकाला भरलेल्या गराज सेलमधून २५ डॉलरांना आणलेले बाहुलीघर तीन महिने तळघरात चादरीखाली पडून होते. आज बाहेर बर्फ आणि वारा असल्यामुळे कुठे जाणे शक्य नव्हते, तेव्हा ते उचलून शिवणाच्या टेबलावर ठेवले आणि कामाला हात घातला. घर दोन मजली आहे, मागची बाजू पूर्ण उघडी आहे, आणि साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे तुकडे एकमेकांच्या खाचांत अडकवून ते उभे केलेले आहे. प्रमाण एकास बारा, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे एक इंच.

पूर्वीच्या मालकिणीने बैठकीच्या खोलीत गालिच्याचा तुकडा चिकटवला होता आणि शेजारच्या खोलीत लाकडी जमिनीचे चित्र छापलेला कागद. गालिचा एका ओढीत निघाला. कागदाने मात्र सारी दुपार खाल्ली. कोमट पाण्यात पिळलेले फडके दहा मिनिटे त्यावर ठेवायचे, जुन्या बँक कार्डाच्या कडेने सालपटे खरवडायची, आणि प्लायवूडचा वरचा पापुद्रा त्यांच्याबरोबर उठू लागला की हात आवरायचा, असे चालले होते.

गालिच्याखाली तांब्याच्या दोन बारीक समांतर पट्ट्या सापडल्या. बाहुलीघरात १२ व्होल्टचे दिवे लावायचे असले की चिकटपट्टीसारखी मिळणारी ही तांब्याची पट्टी भिंतींवरून आणि जमिनीवरून फिरवतात व वर कागद किंवा लाकूड चढवून झाकतात. दिवे सध्या बंद आहेत, पण पुढेमागे त्या पट्ट्यांपर्यंत पोहोचावे लागेल. म्हणून आजच ठरवले की नवी जमीन कायमची चिकटवायची नाही. पुठ्ठ्यावर वेगळी बांधायची आणि चटईसारखी आत सरकवायची.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम शनिवारी असल्यामुळे आजची संध्याकाळ मोकळी होती. खोलीचा कागदी नमुना कापला. कंपासपेटीतला काटकोन्या चारही कोपऱ्यांत धरून पाहिल्यावर कळले की एकही कोपरा सरळ नाही. डावी भिंत पुढच्या टोकाला तब्बल ३ मिलिमीटर आत झुकली आहे. खऱ्या खोलीच्या हिशेबात ते दीड इंच होते. सुताराने माझ्या घरात अशी भिंत उभी केली असती तर मी काय म्हटले असते, याचा विचार करीत नमुना पुन्हा कापला.

आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवले. तिने तिळगुळाच्या वडीचा तुकडा तोंडात टाकून पहिला प्रश्न विचारला तो असा : "अगं, बाहुलीला लाकडावर चालवणार होय? मग सारवायचं कसं?" ती थट्टा करीत होती, पण त्या थट्टेत तथ्य होते. तिचे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. तिथे लाकूड होते ते डोक्यावर : सागाच्या तुळया, त्यांवर ओळीने कड्या आणि कड्यांवर पाट. त्या पाटांवर मातीचा थर घालीत आणि वरच्या मजल्यावरची माणसे त्या सारवलेल्या मातीवर वावरत. कडीपाट खालच्या माणसाने निजल्या निजल्या पाहायचा, वरच्याने नव्हे. तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे आच्छादन, म्हटले की आजही माझी मान आपोआप वर जाते. या देशात येऊन बावीस वर्षे झाली आणि त्यांतली सोळा मी ओकच्या पट्ट्यांवर चालते आहे, तरी त्यांच्याकडे नीट पाहिले नव्हते. आज नमुना बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसले आणि पाहिले.

पट्ट्या सव्वादोन इंच रुंद आहेत. एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत बसते आणि खिळे त्या जिभेतूनच तिरपे ठोकलेले असतात, त्यामुळे वरून एकही खिळा दिसत नाही. हिवाळ्यात घर तापवणारी यंत्रे हवा कोरडी करतात, लाकूड आडवे आकसते आणि पट्ट्यांमध्ये नखाचे टोक जाईल एवढ्या फटी पडतात; जुलैत त्या मिटतात. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, रुंदीतच हलते. जमीन रुंद फळ्यांऐवजी अरुंद पट्ट्यांची केली की हे हलणे एकाच ठिकाणी न साठता पन्नास फटींत वाटले जाते. मी आजवर याला नक्षी समजत होते.

शनिवार, २४ जानेवारी

आज फसले, पण चांगले फसले.

माझ्या घराची जमीन ओकची, तेव्हा बाहुलीच्या घराचीही ओकचीच असावी, असा सरळ विचार करून कपाटांच्या कडांना लावायची ओकची पातळ पट्टी आणली, ५ मिलिमीटर रुंदीचे तुकडे कापले आणि पुठ्ठ्यावर मांडून पाहिले. सव्वादोन इंचांचा बारावा भाग ५ मिलिमीटरच्या किंचित खाली येतो, म्हणजे मापात काही चूक नव्हती. लाकूडही खरे होते. तरी ती जमीन जमीन वाटेना. पेटीच्या तळाला टाकलेली लाकडाची सालपटे वाटत होती. नवरा मागून येऊन पाहून गेला आणि "हे काय, पेन्सिलीचा भुसा?" एवढेच म्हणाला.

कारण शोधायला भिंग घ्यावे लागले. ओकच्या खोडातून पाणी वर नेणाऱ्या नलिका वसंतात वाढलेल्या लाकडात पाव मिलिमीटरहून रुंद असतात आणि पट्टीच्या पृष्ठभागावर त्या काळ्या रेघांसारख्या उघड्या पडतात. आपल्या पायाखाली त्या शोभून दिसतात, पण बाहुलीच्या डोळ्यांनी पाहिले तर त्या ३ मिलिमीटरच्या चिरा होतात. फळी बारापट लहान करता येते, पण झाडाने केलेले काम लहान होत नाही. वार्षिक वाढीच्या रेघांचेही तेच. या घरात खरे ओक घालणे म्हणजे ओकचे नाव राखून त्याचे दिसणे घालवणे आहे.

म्हणून बारीक पोताचे लाकूड हवे. या छंदातली माणसे बासवूड, बर्च, चेरी, मेपल यांकडे वळतात ती यामुळेच. बाजारात कागदावर बासवूडच्या पट्ट्या चिकटवलेले तयार ताव मिळतात आणि ते कापून बसवले की काम तासाभरात संपते. मी ते घेतले नाहीत, कारण तासाभरात काम संपवण्यासाठी मी ते घर आणलेले नाही. शिवाय त्यांतल्या सगळ्या पट्ट्या इतक्या एकसारख्या असतात की जमीन वहीच्या रेघांसारखी दिसते.

कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या बहुधा बर्चच्या असतात. ६ मिलिमीटर रुंद आणि १७८ मिलिमीटर लांब अशा काड्यांचे पाचशेंचे खोके मागवले. ६ मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात पावणेतीन इंचांहून थोडे अधिक. माझ्या जमिनीपेक्षा रुंद, पण चालणारे. खोली ३०५ बाय २५४ मिलिमीटरची आहे. गोल टोके छाटल्यावर एका काडीत १६० मिलिमीटर उरतात, म्हणजे ४२ ओळींना ऐंशीएक काड्या पुरेत. पाचशेंतल्या किती सरळ निघतात, ते पाहायचे.

रविवार, १ फेब्रुवारी

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न यांच्या लघुखोल्या पुन्हा पाहिल्या. यापूर्वी पाहुण्यांना घेऊन चारपाच वेळा गेले आहे आणि दर वेळी झुंबरे, पडदे, चहाची भांडी यांचेच कौतुक करून परतले आहे. आज फक्त जमिनी पाहायच्या असे ठरवून गेले.

नार्सिसा निब्लॅक थॉर्न या श्रीमंत बाईंनी शिकागोतल्या कुशल कारागिरांकडून १९३२ ते १९४० या काळात या खोल्या करवून घेतल्या. संग्रहालयात त्यांतल्या ६८ आहेत आणि त्याही याच एकास बारा प्रमाणात. फ्रेंच दिवाणखान्यांत तिरप्या चौकटी जोडून केलेली पार्केची जमीन आहे, तर न्यू इंग्लंडच्या जुन्या घरात रुंद, साध्या फळ्या. काचेला नाक लावून मी बराच वेळ उभी राहिले, इतका की मागच्या मुलीला तिच्या आजीने "थांब हं, त्या बाईंचं होऊ दे" अशा अर्थाचे काही समजावले.

मला दिसले ते असे की सांधे अगदी स्पष्ट आहेत. खरी जमीन बांधणारा कारागीर फट लपवतो, पण इथे प्रत्येक फळी शेजारणीपासून एका बारीक गडद रेघेने वेगळी केलेली आहे, आणि ती रेघ नसती तर दोन हात अंतरावरून सारी जमीन एकच पत्रा वाटली असती. शिवाय एका फळीचा रंग दुसरीच्या रंगाशी पूर्ण जुळत नाही. परतताना गाडीत मी पेन्सिलींची यादी केली.

बुधवार, ४ फेब्रुवारी

काल रात्री उत्साहाच्या भरात शंभरेक काड्या पांढऱ्या पाणीदार गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि झोपले. सकाळी पाहिले तर पुठ्ठ्याच्या चारही कडा उन्हात घातलेल्या पापडासारख्या वर आल्या होत्या आणि मधल्या सात ओळी सुटून तिरक्या झाल्या होत्या. गोंदातल्या पाण्याने पुठ्ठा फुगला, काड्यांच्या खालच्या अंगाने पाणी प्यायले आणि त्या आडव्या फुगल्या. वाळताना दोघांचे आकसणे सारखे झाले नाही. चौदा जानेवारीला गुडघ्यांवर बसून जे शिकले, ते तीन आठवड्यांत विसरले होते. वर पुस्तके ठेवून दाबले असते तर थोडे वाचले असते. नाही ठेवली.

दुसरी चूक याहून चिडवणारी. काड्या आधी चिकटवल्या आणि रंग नंतर लावायचा ठरवला होता. जिथे गोंदाचे बोट लागले तिथे लाकडाची छिद्रे बुजली आणि रंगाचे पाणी शिरलेच नाही, त्यामुळे वाकलेल्या त्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या बोटांचे ठसेही उमटले. सगळे कचऱ्यात टाकले.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज जमीन झाली.

आधी काड्या निवडल्या. टेबलाच्या काचेवर ठेवून बोटाने टिचकी मारायची, डुगडुगली की बाद. उरलेल्या काड्यांतल्या दोनशे दहा सरळ निघाल्या. त्यांचे तीन ढीग केले आणि अक्रोडी रंग पहिल्या ढिगाला एकदा, दुसऱ्याला दोनदा लावला, तर तिसऱ्याला चहाच्या गडद काढ्यात बुडवून काढले. चहाची छटा किंचित पिवळट आली आणि तिन्हींत तीच मला सर्वांत आवडली. वाळल्यावर ढीग पत्त्यांसारखे पिसले, कारण हाताने निवडायला गेले तर मी नकळत एकाआड एक लावीन हे मला ठाऊक होते. प्रत्येक काडीच्या दोन्ही लांब कडांवरून मऊ शिशाची पेन्सिल फिरवली. थॉर्नबाईंच्या खोल्यांतली गडद रेघ माझ्याकडे आली ती अशी.

चिकटवायला या वेळी चांभार चपलेच्या तळाला लावतात तसले सोल्यूशन घेतले. त्यात पाणी नसते. ते पुठ्ठ्याला आणि काडीला, असे दोन्हीकडे पातळ लावायचे, हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मग एकदाच टेकवायचे. एकदा टेकले की सरकवता येत नाही. वासापायी खिडकी उघडावी लागते आणि बाहेर शून्याखाली ११ असल्याने मी कोट घालून, बोटे फुंकून काम केले.

सुरुवात उघड्या बाजूकडून केली, कारण पाहणाऱ्याची नजर प्रथम तिथे पडते आणि तिथे पूर्ण रुंदीची, सरळ ओळ हवी. भिंतीचा वाकडेपणा मागे ढकलत न्यायचा आणि शेवटची चिंचोळी ओळ मागच्या, म्हणजे उघड्या बाजूसमोरच्या, भिंतीला लावायची. शेजारच्या दोन ओळींतले सांधे किमान सहा इंच दूर असावेत, असा इथल्या जमीन बसवणाऱ्यांचा संकेत आहे, म्हणजे माझ्याकडे अर्धा इंच. तो पाळायला तुकडे लहानमोठे कापावे लागतात आणि चारपाच ओळींनंतर हाताला आपोआप कळू लागते की आता लांब तुकडा हवा की आखूड. अठराव्या ओळीला जिन्यासारखी पायरी-पायरीची रचना तयार होऊ लागलेली दिसली, तेव्हा दोन तुकडे सुरीने उचकटून बदलले.

पुष्कळ जण सांध्यांच्या टोकांशी टाचणीने खिळ्यांची छिद्रे पाडतात. मी पाडली नाहीत. वरून ठोकलेले खिळे रुंद फळ्यांच्या जुन्या घरांत दिसतात; अरुंद पट्ट्यांच्या जमिनीत ते जिभेत लपलेले असतात. फट नसताना रेघ काढली, ओक म्हणून बर्च लावले, रंगासाठी चहा वापरला, एवढे खोटेपण पुरेसे आहे. नसलेले खिळे दाखवणे मला पटले नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

आठवडाभर जमीन दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून ठेवली होती. वाकली नाही. ३२० नंबरच्या काचकागदाने लाकडाच्या लांबीच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने घासली, कारण जोर दिला तर रंग निघून बर्चचा पांढरेपणा वर येतो. एका कोपऱ्यात आलाच, पण तिथे बाहुलीची खुर्ची ठेवता येईल.

त्यानंतर चपडा. लाखेचे नारिंगी पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून केलेले हे पॉलिश इथे हौशी सुतार मोठ्या भक्तीने वापरतात. लाख झारखंडाच्या जंगलांत पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून उतरते. प्लॅस्टिकचे वार्निश एकास बाराच्या घरात काचेसारखे चमकते आणि त्याचा थर जाड दिसतो. चपड्याचे दोन पातळ हात दिले आणि वरून अगदी बारीक लोखंडी लोकर फिरवली की चमक मऊ होते. ब्रश उचलताना सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी केळी आणि सीताफळे आठवली. लहानपणी त्यांना रंगाचा जो वास यायचा, तो या डबीत थोडासा होता, की मला तसा वाटला, कोण जाणे.

सायंकाळी जमीन आत सरकवली. तांब्याच्या पट्ट्यांवर ती सपाट बसली. मागच्या भिंतीशी अर्धा मिलिमीटर जागा मी मुद्दाम सोडली होती, जुलैसाठी. मागची चिंचोळी ओळ दीड मिलिमीटरचीच उरली आणि भिंतीच्या पायथ्याची पट्टी लावल्यावर ती दिसेनाशी झाली.

पुण्यात सोमवारची पहाट उजाडली होती. आईने फोन दिव्याजवळ नेऊन, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आणि हिच्या खालच्या बाजूला काय आहे?" खालच्या बाजूला पुठ्ठा आहे, असे मी सांगितले. ती म्हणाली, "वरच्या मजल्याचं करशील तेव्हा खालून पण लाव. खाली निजणाऱ्या बाहुलीनं काय पाहायचं?"

वरच्या मजल्यासाठी सरळ काड्या एकशे पंधरा उरल्या आहेत. खालच्या कड्यांसाठी चौकोनी बारीक काठ्या आणाव्या लागतील.