अठ्ठेचाळीस आकडे आणि दुकानातला मुलगा

आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सगळा हिशोब माझ्या लॅपटॉपमध्ये. सभेला पाच दिवस उरले असताना, अपडेट चालू असतानाच लाइट गेली. बॅटरी दोन वर्षांपासून नावालाच होती. लाइट आली, लॅपटॉप काही आला नाही. लोगो, फिरणारे ठिपके, 'ऑटोमॅटिक रिपेअर', परत लोगो. रात्रभर तेच.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने दोन बटणं दाबली आणि सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाणार." असं कुणी म्हणालं की लॅपटॉप काखेत मारून घरी यावं. मी आलो.

निळ्या पडद्यावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून पुढे गेलो, तर तिथे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. मी असलं काही चालूच केलं नव्हतं! मग कळलं, हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन होतं, त्या खात्यात ही किल्ली जाऊन बसते आणि डिस्क आपोआप कुलूपबंद होते. माझ्या खात्यात पाहिलं. रिकामं.

"अहो, त्या दुकानातल्या मुलानेच सगळं चालू करून दिलं होतं ना?" बायकोला आठवलं. दिलं होतं खरं. मी तर खूश होऊन त्याला चहा पाजला होता. माळ्यावरून खोकं काढलं, झाकणाच्या आत बॉलपेनने ईमेल आणि पासवर्ड. पण लॉगिन करताना कोड जायचा तो मात्र भलत्याच मोबाइलवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या!

दुकानात गेलो. "तो आता आमच्याकडे नाही." दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी मी काउंटरपुढची खुर्ची ओढून बसलो, तेव्हा कुठे नंबर मिळाला. पोरगा आता दुसऱ्या मोबाइलच्या दुकानात. "काका, गिऱ्हाईक आहे, दुपारी करा ना." दुपारी केला. त्याने कोड सांगितला तोवर त्याची मुदत संपली. दुसऱ्यांदा जमलं.

खात्यात दोन किल्ल्या होत्या. पडद्यावर 'की आयडी' दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून कुठली आपली ते ठरवायचं. मी ती कागदावर उतरवली, वहीच्या सवयीने मराठी आकड्यांत, आणि टाइप केली तर चूक. दोनदा. या किल्लीत सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पाचवा गट भागेना. एका ठिकाणी माझा १ मला ९ वाटला होता. तीस वर्षं लेजर लिहिल्याचा एवढा तरी उपयोग!

आत गेल्यावर आधी फाइली बाहेर काढल्या. त्याच 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, notepad टाइप करायचं, नोटपॅड उघडलं की त्यात फाइल, मग ओपन, खाली 'ऑल फाइल्स'. त्याच खिडकीत फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट होतो. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली दिसतात, घाबरू नका. हिशोबाची फाइल दिसली तेव्हा मी एकटाच हसलो.

मग 'रिसेट धिस पीसी', 'कीप माय फाइल्स'. फाइली राहतात, प्रोग्रॅम जातात. लोकल रीइन्स्टॉल, म्हणजे लॅपटॉपमधल्याच फाइलींवरून विंडोज पुन्हा बसवणं, अर्ध्यात अडकलं; इंटरनेटवरून बसवणारं 'क्लाउड डाउनलोड' चाललं. त्याला चार जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, मोबाइलचा रोजचा पॅक पुरणार नाही. चार्जर लावून ठेवा, हे मी सांगायला नकोच. हां, हा निळा पडदा आपोआप येतच नसेल, तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की येतो.

सभेच्या आदल्या रात्री लॅपटॉप सुरू झाला. पिन नव्याने टाकायला सांगत होता. मी पुढे गेलो आणि तेवढ्यात फोन वाजला.

"काका, परत कोड आलाय."