चोच उघडी, आवाज बंद

इलिनॉयमधल्या मिडेविनच्या प्रेअरीवरची, म्हणजे उंच गवताच्या माळावरची, जूनची पक्षी बघण्याची फेरी पार पडली. माणसं 14, वारा बेताचा, गोचिडी फक्त तीन. हिशेबाने उत्तम सकाळ. पण चराईच्या पट्ट्यापाशी थांबून मी ठणकावून सांगितलं, "यंदा इथे ग्रासहॉपर स्पॅरो, माळावरच्या त्या छोट्या चिमण्या, नाहीत. असत्या तर एव्हाना ऐकू आल्या असत्या." त्यावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मग तो किडा कुठला वाजतोय?"

तिने दाखवलेल्या तारेवर दुर्बीण लावली. वीस पावलांवर आपला नाकतोड्या (ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा, म्हणून त्या स्पॅरोला आपण ठरवलेलं हे नाव मी सोडणार नाही). मान मागे, चोच वर, गळा थरथरतोय. आणि मला ऐकू काही म्हणजे काही नाही. टीव्हीचा आवाज बंद करून गाण्याची मैफल बघावी तसं.

मागच्या नोंदीत मी मोठा सिद्धान्त मांडला होता, आठवत असेल. माझ्या याद्यांत याच पट्ट्यावर दोन वर्षांपूर्वी नाकतोडे 9, गेल्या वर्षी 4. कारण काय, तर गवत वाढलं. तसं शास्त्राला धरूनच होतं ते. या पक्ष्याला आखूड गवत आणि मधेमधे उघडी जमीन लागते. मिडेविन 1996 मध्ये प्रेअरी म्हणून राखीव झालं, त्याआधी इथे जोलिएटचा दारूगोळ्याचा कारखाना होता आणि त्याच्या जमिनी चराईला दिल्या जायच्या. माळावरचे बरेच पक्षी त्या गुरांच्या जिवावर तगले. आता गुरं कमी पडली असतील, असं मी दोन पानं भरून लिहिलं. गवत होतं तेवढंच आहे. घटले ते माझे कान.

वयानुसार आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं. नाकतोड्याचं गाणं साधारण 7 ते 9 किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे नेमकं तिथेच. मेडोलार्कची शीळ खाली आहे, ती खणखणीत येते. डिकसिसल स्वतःचंच नाव घोकत असतो, तोही येतो. बॉबोलिंक तर काय, हंड्यातून पाणी ओतल्यासारखा. त्यामुळे आपलं काही हरवलंय हे कळतच नाही. शेत भरलेलंच वाटतं. हेन्स्लोज स्पॅरो या दुसऱ्या चिमणीची मला आधीपासूनच शंका होती. तिचं गाणं म्हणजे जेमतेम एक शिंक. ती 'कमी झाली' असंही मी दोनदा सांगून बसलोय, आता त्याचंही बघायला हवं.

पहिला उपाय, श्रवणयंत्र. ते मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं असतं. त्यात शिट्टी रोखणारी सोय असते, तिला पक्ष्याची बारीक सूर धरलेली तान म्हणजे यंत्राचीच शिट्टी वाटते आणि ती दाबून टाकते. वर वाऱ्याचा आवाज कमी करणारी दुसरी सोय. प्रेअरीवर ती कायम चालू. ज्यांनी यंत्र बसवून दिलं त्यांनी 'संगीत' मोड लावून बघितला, फरक उन्नीस-बीस. ते म्हणाले, "पण घरच्यांचं बोलणं येतंय ना?" येतंय हो. त्यासाठी पहाटे चारला कोण उठतं!

दुसरा, मर्लिन, म्हणजे आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप. माझं मत बदललेलं नाही: घरी शिकायला झकास, फेरीत कटकट. नाव उजळतं, पण पक्षी कुठल्या बाजूला हे सांगत नाही, आणि चौदाच्या चौदा माना फोनमध्ये जातात. त्याच्या स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, वरच्या कडेला धुळीची रेघ उठलेली मात्र स्पष्ट दिसली. न येणारा आवाज डोळ्यांनी बघणं फार विचित्र वाटतं. (रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलवायचं नाही, हे पुन्हा सांगतो. विणीचे दिवस आहेत.)

तिसऱ्या उपायात तीन शनिवार गेले. 'हिअर बर्ड्स अगेन' नावाचं ॲप वरच्या पट्टीचे आवाज निम्म्यावर किंवा त्याहून खाली उतरवून त्याच क्षणी कानात सोडतं. त्यामागे लँग एलियट, पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्यात आयुष्य घालवलेला माणूस. लहानपणी कानाजवळ फटाका फुटल्यानं त्याचंही वरचं ऐकणं गेलेलं. (सोलापुरात आम्ही सुतळी बॉम्ब हातात पेटवून फेकायचो. माझ्या प्रकरणात सगळा दोष वयाचा नसावा.) फुकट आहे, पण आयफोन लागतो, तो मुलाचा जुना मिळाला. शिवाय दिशा कळायला हेडफोनच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा माइक. माइक स्वस्तातले घेतले, ती चूक; एकाची वायर आठवड्यात तुटली. वारा अडवायला नातीच्या जुन्या टेडीची केसाळ पाठ कापली. बाजारच्या फोमपेक्षा दसपट सरस. नातीला अजून सांगितलेलं नाही.

पहिला शनिवार वाऱ्यात गेला. दुसऱ्या शनिवारी मिडेविनच्या आयर्न ब्रिजच्या वाटेने आत गेलो आणि साडेपाचला कानात घरघर आली, दुसऱ्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवावं तशी. मी जागेवर थांबलो. वर्षभरानंतर! आवाज उजवीकडून, म्हणून उजवीकडे वळलो. काही नाही. जरा पुढे गेलो तर बारीक झाला. मागे आलो तर डावीकडून. तास दीड तास मी त्या पट्ट्यात भोवऱ्यासारखा फिरलो आणि एकही पक्षी दिसला नाही. तिसऱ्या शनिवारीही तेच. ॲपला शिव्या घालत घरी आलो. स्वयंपाकघरात हेडफोन डोक्यावर तसाच होता, बायकोनं डावीकडून किल्ल्या वाजवल्या आणि मी उजवीकडे बघितलं. ती म्हणाली, "अहो, उलटं घातलंय का?" घातलं सुलटंच होतं. टेडी चिकटवताना माइक काढून पुन्हा लावले, तेव्हा डावा-उजवा अदलाबदल झाला होता.

जोडण्या बदलून परवा सकाळी गेलो. त्याच पट्ट्यावर, त्याच तेवढ्या गवतात, नाकतोडे 8. प्रत्येकाला आवाजावरून शोधून दुर्बिणीत घेतला. जुन्या याद्यांमधले 4 आणि 9 मी पुसणार नाही, पण शेजारी 'निरीक्षकास उच्च स्वर ऐकू येत नाहीत' असं लिहितोय. गवताचा सिद्धान्त मात्र मागे घेतला.

सप्टेंबरची फेरी बियांचीच ठेवणार होतो. बिग ब्लूस्टेम, रॅटलस्नेक मास्टर, कंपास प्लांटची ती उत्तर-दक्षिण धरून उभी पानं. कानांचा संबंध नाही, म्हणून निर्धास्त. पण हे लिहिताना वाटतंय, संध्याकाळी एक्स्प्लोझिव्हज रोडवरच्या बंकरांपाशी किड्यांची फेरी का काढू नये? रातकिडे माझ्या आवाक्यात आहेत, गवतातले केटिडिड (नाकतोड्यासारखे लांब मिशांचे किडे) बरेचसे नाहीत. म्हणजे मी रातकिडे सांभाळायचे आणि वरचं सगळं लहान मुलांकडे सोपवायचं. त्या मुलीच्या आईला विचारून ठेवलंय. बियांची फेरी मग ऑक्टोबरात ढकलू, तसंही बी तेव्हा जास्त सुकलेलं असतं.

त्याआधी नवे माइक. या वेळी डाव्यावर लाल चिकटपट्टी मारूनच टेडीला हात लावीन.