हवा ७२ अंशांवर आणि हॉल गारच

कार्यशाळेच्या हॉलमधलं गरम हवेचं युनिट, ६० किलोवॅटचं. बर्नर पाच-सहा मिनिटं चालायचा, लिमिट स्विच (फार तापलं की बर्नर बंद करणारा) ८० अंशांना ट्रिप व्हायचा, निवल्यावर बर्नर पुन्हा पेटायचा. जाळीतली हवा चटका बसेल इतकी गरम, पण काम करणाऱ्यांचे पाय गारठलेले.

आधी तापमानं घेतली. रिटर्नला, म्हणजे हॉलमधून युनिटकडे परत येणाऱ्या हवेला, १६ अंश. सप्लायचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या गरम हवेचा, थर्मामीटर हीट एक्स्चेंजरपासून (बर्नरची उष्णता हवेला देणारी पत्र्याची पेटी) दोन मीटर पुढे, डक्टच्या वळणापलीकडे लावला. तापलेला पत्रा थर्मामीटरच्या थेट समोर असला की प्रारणामुळे आकडा उगाच वर जातो. ट्रिपच्या जरा आधी ७२ दिसले. म्हणजे वाढ ५६ अंश; नेमप्लेटवर ३०.

किलोवॅट म्हणजे १.२ गुणिले दर सेकंदाची हवा घनमीटरमध्ये, गुणिले तापमानवाढ. ३० अंशांच्या वाढीला १.६७ घनमीटर हवा लागते, तासाला ६०००. ५६ अंशांवरून निघते जेमतेम ०.९. उष्णता तयार होत होती, पण ती वाहून न्यायला हवा जवळपास निम्मीच होती. शिवाय अशी मंद, फार गरम हवा हलकी असल्याने सरळ छताला जाते. छताजवळ २७ अंश भरले, गुडघ्यापाशी १३.

हवा कमी म्हटलं की पहिला संशय फिल्टरवर. पण फिल्टर चोंदला असता तर त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक वाढला असता. इथे नेहमीच्या ८० पास्कलऐवजी ३५ होता. डॅम्पर (डक्टमधल्या झडपा) उघडे, बेल्ट ताठ. ब्लोअरची (हवा ढकलणाऱ्या पंख्याची) मोटर मात्र ४.७ अँपिअरची असून २.६ च घेत होती, म्हणजे ब्लोअरवर भारच नव्हता.

मोटर दोन दिवसांपूर्वी बदलली होती, हे विचारल्यावर कळलं. मेन बंद करून ब्लोअर थांबता थांबता पाहिला. इम्पेलर, म्हणजे त्याचं पात्यांचं चाक, आवरणावरच्या बाणाच्या उलट फिरत होता. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा उलटी वाहत नाही, त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त खूप कमी. त्यामुळे जाळीपाशी हात धरून हा दोष सापडत नाही.

मेनला कुलूप लावलं, टर्मिनलवर व्होल्टेज नसल्याची खात्री केली आणि तीनपैकी दोन फेज अदलाबदल केले. दहा मिनिटांनी रिटर्न १७, सप्लाय ४७. करंट ४.१, फिल्टरवर पुन्हा ८० पास्कल.

मधल्या काळात कुणीतरी लिमिट ९५ वर नेण्याचं सुचवलं होतं. असं कधीही करू नये. हवा कमी असताना पत्रा जास्तच तापतो, वेल्डपाशी तडकतो आणि ज्वलनाचा वायू थेट हॉलच्या हवेत येतो. दोन दिवस एक्स्चेंजर तापलाच होता, म्हणून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक वेल्ड पाहिला, जाळीपाशी कार्बन मोनॉक्साइड मोजला. शून्य आल्यावरच युनिट चालू ठेवलं.