तुम्ही विचारलंत म्हणून: क्रीममध्ये ॲसिड कशाला?

कुडाळच्या प्रदर्शनात विचारतात, दादरच्या स्टॉलवर विचारतात, परवा तर एका बाराव्याच्या जेवणात विचारलं. माझ्या क्रीमची डबी उलटी करायची, चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचायची आणि म्हणायचं, "ताई, बाकी सगळं छान आहे हो, पण हे सायट्रिक ॲसिड? तोंडाला ॲसिड लावायचं?" विचारणाऱ्याने सोलकढीची दुसरी वाटी नुकतीच रिकामी केलेली असते. माझ्या क्रीमपेक्षा ती कढी कितीतरी आंबट.

पाच किलो क्रीमला ते चहाचा चमचाभर लागतं. पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने सोडायचं, ढवळायचं, आंबटपणा मोजायची कागदी पट्टी बुडवून बघायची. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. सहा-साडेसहावर असलेला पीएच पाचाच्या जरा खाली आणायचा, एवढंच त्याचं काम. आपली कातडी मुळातच आंबट, साधारण साडेचार ते साडेपाच. हे मी हजारदा सांगितलंय आणि हजारदा उत्तर आलंय, "हो, पण केमिकल ते केमिकलच ना?"

चिडायचा मला फारसा अधिकार नाही. चार वर्षांपूर्वी मीच स्टॉलवर उभी राहून "शंभर टक्के नैसर्गिक" असं ओरडत होते. सायट्रिक ॲसिडची पुडी मीच फेकून दिली होती. परसात लिंबाचं झाड असताना विकतची पांढरी पूड कशाला? आधी आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, घालून पाहिलं. क्रीम गुलाबी झालं, दोन आठवड्यांत मळकट. मग लिंबू. पाच किलोला तीन लिंबं, असं वहीत लिहून ठेवलं. पट्ट्या संपल्या होत्या, त्या मागवायचा कंटाळा केला. लिंबू आंबट असतंच, त्याला मोजायचं काय? लिंबं सारख्या रसाची नसतात, हे जन्मभर सरबत करणाऱ्या बाईला कळू नये! शिवाय रसाबरोबर साखर जाते, चोथा जातो. बुरशीला याहून चांगला पाहुणचार कुठला?

आणखी एक. त्या "नैसर्गिक" क्रीममध्ये सोडियम बेन्झोएट, म्हणजे क्रीम टिकवायचं रसायन, होतंच. लेबलवर होतं, तोंडी मात्र मी त्याचं नाव काढत नसे. बुरशीला आवर घालतं त्याचं आंबट रूप, बेन्झोइक ॲसिड. ४.२ पीएचला निम्मं बेन्झोएट त्या रूपात असतं. ६.२ ला शंभरातला एकच भाग उरतो. म्हणजे पीएच न मोजता मी डबीत राखणदार बसवला होता, पण झोपवून.

ती खेप जूनच्या पहिल्या आठवड्यातली. पाऊस लागला, भिंतींना ओल आली. शेजारच्या काकी काजूच्या फॅक्टरीत बी फोडतात. टरफलातल्या चिकाने त्यांच्या बोटांची कातडी नेहमी सोललेली, भेगाळलेली. एक डबी मी त्यांना तशीच दिली, पैसे न घेता. याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

गणपतीच्या आठ दिवस आधी त्यांच्याकडे गेले तर उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. आंगठ्याची भेग सुजून पिकली होती. मी डबी मागितली. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाण्याचे थेंब धरतात तिथे, मोहरीएवढे काळे ठिपके, कडेने राखाडी लव. क्रीमच्या मधोमध बोटाने खणलेला खड्डा.

"काळा कायता दिसला, ता काढून टाकलंय नि खालचा लावलंय," काकी म्हणाल्या. "तू दिलेला, फुकट कशाक घालवू?"

मी काहीच बोलले नाही. त्यांनीच माझी समजूत घातली, "माझेच हात वायट गो." वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं. क्रीममुळे की चिकामुळे, ते नक्की सांगता येणार नाही म्हणाले. त्या वाक्याला मी बराच काळ धरून बसले होते. अजूनही रात्री कधी कधी तेच धरते. पण घरी येऊन उरलेल्या डब्या उघडल्या, तेव्हा त्यांतल्या अकरांत तेच ठिपके होते. मुंबईला गेलेल्या डब्यांसाठी फोन करत बसले. काहींनी उचललेच नाहीत.

पूड परत आली ती तेव्हा. आणि गंमत ऐका. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८४ साली सायट्रिक ॲसिड लिंबाच्या रसातूनच वेगळं केलं होतं. आज मात्र ते साखरेवर काळी बुरशी पोसून कारखान्यात बनवतात. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ती वाट दाखवली. म्हणजे माझ्या डबीत आली तसलीच काळी बुरशी तिथे पगारावर कामाला आहे, आणि तिच्याच मालाने मी माझ्या डबीतली बुरशी रोखते. आता हे नैसर्गिक म्हणू की केमिकल? चार वर्षांपूर्वीच्या मला विचारलं तर ती फाडकन उत्तर देईल. मला देता येत नाही.

ती एक प्रश्न मात्र विचारते, आणि तो बोचतो: मग मुठेलच का विकत नाहीस? रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांचं तेल, थिजवून मुठीत वळलेलं, आजीच्या फडताळात असायचं तसं. त्यात पाणी नाही, म्हणून पीएचची भानगड नाही, ॲसिडही नको नि बेन्झोएटही नको. खरं उत्तर: मुठेल चिकट, शहरात खपत नाही. पाणी घालून फेटलं की तेच डबीत भरून चौपट भावाने जातं. पोराची फी त्यातून भरते.

काकींना मी दर खेपेची पहिली डबी देते, पट्टी लावून, तारीख घालून. त्या घेतात, "बरा हा," म्हणतात आणि देवळीत ठेवतात. परवा मोजल्या, सहा झाल्यात, एकीचंही सील फोडलेलं नाही. हाताला मुठेल चोळतात.