खाटा, कंत्राटं आणि एक दोन पानी पत्र

आमच्या टीमकडे अमेरिकन रीट्सचं काम होतं. रीट म्हणजे मालमत्ता बाळगून त्यावर कमावणारी आणि करपात्र नफ्यातला किमान ९० टक्के भाग डिव्हिडंड म्हणून वाटून टाकणारी कंपनी; त्या बदल्यात तिला कंपनी-कर जवळजवळ माफ. मॉल, गोदामं, दवाखान्यांच्या इमारती, विद्यार्थ्यांची हॉस्टेलं असं सगळं त्या यादीत होतं. २०१३ मध्ये त्यात दोन तुरुंगवाल्या, म्हणजे सरकारसाठी कंत्राटावर तुरुंग चालवणाऱ्या, कंपन्यांची भर पडली. एक नॅशव्हिलची करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, जिला सगळे सीसीए म्हणायचे, आणि दुसरी फ्लोरिडात बोका रॅटनची जिओ ग्रुप. वाटणीत त्या दोन्ही माझ्याकडे आल्या, कारण हॉस्टेलांवर आधीच कुणाचा तरी डोळा होता.

क्लायंट न्यूयॉर्कचा एक फंड. मॉडेल आणि नोट्स आम्ही पुण्यातून करायचो, आणि ऑफिस होतं येरवड्यात! मी काय काम करते हे ऐकलं की नातेवाईक हमखास विचारायचे, ‘म्हणजे समोरच्या जेलचं का?’ समोरच्या जेलचं कसं असेल? आपल्याकडे तुरुंग हा राज्य सरकारचा विषय, राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातच तसं लिहिलंय. तुरुंगाचा शेअर निघतो आणि त्यावर डिव्हिडंड मिळतो, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

धंद्याचं गणित मात्र साधं. खाटा गुणिले भरलेलं प्रमाण गुणिले दर माणशी रोजचा दर गुणिले ३६५. खर्चातला मोठा भाग पगारांचा आणि इमारतीचा, आणि तो तुरुंग अर्धा रिकामा असला तरी फारसा हलत नाही. त्यामुळे हजार खाटांच्या तुरुंगात आठशेंऐवजी नऊशे माणसं आली, तर वाढलेल्या शंभरांचं जेवण, कपडे, औषधं वजा जाऊन बाकी बरंचसं सरळ नफ्यात. काही कंत्राटांत तर सरकारने ठरावीक खाटांचे पैसे, माणूस असो नसो, द्यायचेच. कंपनीच्या वार्षिक अहवालात धोक्यांची यादी असते. कायद्याची अंमलबजावणी सैल झाली, शिक्षा सौम्य झाल्या, पॅरोल सहज मिळू लागला तर आमच्या सेवेची मागणी घटू शकते, असं त्यात उघड लिहिलेलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते शेजारच्या सहकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘मग काय खोटं आहे का?’

१८ ऑगस्ट २०१६, गुरुवार, राखी पौर्णिमा. पहाटे साक्षी मलिकने रिओमध्ये कांस्य जिंकलेलं, अर्धा मजला रजेवर, आणि उरलेले संध्याकाळी कँटीनच्या टीव्हीपुढे. सिंधूची सेमीफायनल होती. पहिला गेम २१-१९ असा घासून, दुसरा मात्र २१-१० ने खिशात. शिट्ट्या-टाळ्या चालू असतानाच मी जागेवर परत आले, तर क्लायंटचा मेल. विषयाच्या रकान्यात काहीच नाही. आत दोन शब्द: सीसीए बघ.

स्क्रीनवर सीसीए आणि जिओ दोन्ही लाल. एक-दोन टक्के नव्हे, बघता बघता दहा, वीस. मग आकडा गोठला, कारण एक्स्चेंजने व्यवहार काही मिनिटं थांबवले होते. पुन्हा सुरू झाले, पुन्हा घसरले, पुन्हा थांबले. टीम लीड मागे येऊन उभे राहिले. ‘काय गं, जेल फुटलं का?’ त्यांचा विनोद, पण हसायला वेळ नव्हता.

बातमी वॉशिंग्टन पोस्टची होती. अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या उप-अ‍ॅटर्नी जनरल सॅली येट्स यांनी खासगी तुरुंगांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलंय, असा मथळा. मी पत्रच उघडलं. जेमतेम दोन पानी. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यातल्या, कैद्यांची संख्या २०१३ मध्ये २,२०,००० च्या घरात होती, ती १,९५,००० पर्यंत उतरली आहे. खासगी तुरुंगांत सेवा तेवढ्या नाहीत, खर्चात म्हणावी तशी बचत नाही, सुरक्षितताही तेवढी नाही. सुरक्षिततेचा मुद्दा आकाशातून पडला नव्हता. आठवडाभरापूर्वीच न्याय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलचा अहवाल आला होता आणि तो मी वाचून फाइलला लावला होता. बहुतेक निकषांवर खासगी तुरुंगांत दरडोई घटना सरकारी तुरुंगांपेक्षा जास्त, असा त्याचा निष्कर्ष. २०१२ मध्ये मिसिसिपीत नॅचेझजवळच्या सीसीएच्या तुरुंगात दंगल होऊन एक रक्षक मारला गेला, तेही त्यात होतं.

पण माझी नजर अडकली ती पत्र कुणाला लिहिलंय यावर. ते होतं ब्युरो ऑफ प्रिझन्सला, म्हणजे फेडरल शिक्षा भोगणारे कैदी ज्यांच्याकडे असतात त्या बीओपीला. दुसऱ्या कुणालाही नाही. खटला चालू असलेले फेडरल कैदी सांभाळणाऱ्या यूएस मार्शल्सचा उल्लेख नाही. राज्य सरकारांचा तर प्रश्नच नाही. आणि आइस, म्हणजे स्थलांतरितांना ताब्यात ठेवणारी यंत्रणा, ती न्याय खात्याखाली येतच नाही. ती होमलँड सिक्युरिटीची. माझ्या शीटमध्ये ग्राहकवार रकाने होतेच. दोन्ही कंपन्यांसाठी आइस हा बीओपीपेक्षा मोठा ग्राहक होता. शिवाय पत्र म्हणत होतं की कंत्राटं मुदत संपेल तशी नूतनीकरणाशिवाय सोडा किंवा मोठ्या प्रमाणात कमी करा. उद्यापासून कुलूप लावा, असं नाही. मे २०१७ पर्यंत आकडा १४,२०० च्या खाली आणायचा, एवढंच जवळचं उद्दिष्ट.

क्लायंटचा फोन आला तेव्हा मी हेच सांगितलं: फटका बसणार तो काही कंत्राटांना आणि काही वर्षांत, पण बाजार अख्खी कंपनी मोडीत काढल्यासारखा वागतोय. त्याला त्यात रस नव्हता. त्याचा एकच प्रश्न, डिव्हिडंड टिकेल का. सीसीए तिमाहीला ५४ सेंट द्यायची, वर्षाचे २.१६ डॉलर. सकाळच्या भावाने तो परतावा आठ टक्के होता, आता बाराकडे निघाला होता. बारा टक्के परतावा म्हणजे कपात होणार असं बाजार गृहीत धरून बसलाय, हे त्यालाही कळत होतं. माझं उत्तर होतं की खरी अडचण कर्जाची. जी कंपनी नफा जवळपास सगळा वाटून टाकते तिच्याकडे गंगाजळी साठत नाही. नवा तुरुंग बांधायचा तर कर्ज, जुनं कर्ज फेडायचं तर नवं कर्ज. सरकार हात आखडता घेतंय म्हटल्यावर बँकाही विचार करणार. मी म्हटलं, डिव्हिडंड कमी होईल, बंद होणार नाही. (त्या वर्षअखेरीस तो ४२ सेंटवर आला. पूर्ण थांबला तो २०२० मध्ये, तोवर मोठ्या बँकांनी या धंद्याला नवं कर्ज देणार नाही असं जाहीर केलं होतं.)

मधेच दादाचा फोन. राखी सकाळीच बांधून झाली होती, पण ओवाळणी द्यायची राहिली म्हणून तो खाली गेटवर आलेला. पाच मिनिटं खाली गेले. चेहरा बघून त्याने विचारलं, ‘कुणी गेलं का?’ मी थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे तिकडे कैदी कमी झाले ही तुमच्याकडे वाईट बातमी?’ मी म्हटलं, हो. तो पाकीट हातात ठेवून गेला.

उन्हाळ्यात अमेरिकेतला बाजार आपल्या रात्री दीड वाजता बंद होतो. सीसीए ३५ टक्के खाली, जिओ जवळजवळ ४०. दोन्ही कंपन्यांचा वर्षाचा महसूल प्रत्येकी सुमारे १.८ अब्ज डॉलर, आणि त्या दिवशी त्यातला एक डॉलरही प्रत्यक्ष कमी झालेला नव्हता. नोट पाठवली, कॅब मिळाली, येरवड्याच्या भिंतीवरून घरी.

मथळा वाचणं आणि पत्ता वाचणं यातला फरक पुढच्या काही महिन्यांत लख्ख दिसला. न्यू मेक्सिकोतल्या सिबोला काउंटीतला सीसीएचा १,१२९ खाटांचा तुरुंग बीओपीने जुलैच्या अखेरीसच सोडायचं ठरवलं होतं. माझ्या शीटमध्ये त्या ओळीत शून्य. ऑक्टोबर संपता संपता त्याच इमारतीचं कंत्राट आइससाठी झालं. भिंती त्याच, खाटा त्याच, फक्त बिल पाठवायचा पत्ता वेगळा. येट्सबाईंच्या पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी जिओच्या एका उपकंपनीने ट्रम्पसमर्थक राजकीय निधीला एक लाख डॉलर दिल्याचंही नंतर सरकारी नोंदींत दिसलं. ९ नोव्हेंबरला, इकडे नोटबंदीमुळे एटीएम बंद आणि लोक हैराण, तेव्हा तिकडे ट्रम्प निवडून आले आणि सीसीए (तोवर नाव बदलून कोअरसिव्हिक झालेली) एका दिवसात ४३ टक्के वर गेली, जिओ २१. फेब्रुवारी २०१७ मध्ये नवे अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी येट्स यांचं पत्र रद्द केलं.

तेव्हापासून हा पाळणा थांबलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये न्याय खात्याने खासगी तुरुंगांची कंत्राटं पुढे वाढवू नयेत असा बायडन यांचा आदेश, नोव्हेंबर २०२२ अखेर बीओपीचं शेवटचं खासगी कंत्राट संपलं, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो आदेश पुसला. जुलै २०२५ च्या कायद्यात स्थलांतरितांच्या कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर. रीट मात्र आता दोन्ही कंपन्या नाहीत. कर भरायचा आणि पैसा कर्जफेडीला वापरायचा, असं त्यांनी ठरवलं. माझ्या मते तो त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय, आणि तो बँकांनी त्यांच्याकडून करवून घेतला.

नवीन लोक येतात, ४५ अब्जांचा आकडा बघतात आणि विचारतात, मग शेअर वर का नाही? कारण आशा आधीच भावात होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ट्रम्प पुन्हा निवडून आले तेव्हा, मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी जिओ चाळीस टक्क्यांवर उसळली. पण नंतर कंत्राटं अपेक्षेपेक्षा हळू आली, सरकारने लष्करी तळांवर तंबूही ठोकले, आणि २०२५ संपताना जिओचा भाव जानेवारीच्या उंचीच्या जवळपास निम्म्यावर होता.

दीर्घ मुदतीच्या कंत्राटांवर मी फार जीव टाकत नाही. न्यूअर्कच्या डिलेनी हॉलसाठी जिओला १५ वर्षांचं कंत्राट मिळालं, हजार खाटा, पहिल्या पूर्ण वर्षात ६ कोटी डॉलरची अपेक्षा. ऐकायला दणदणीत. पण टेक्सासमधलं डिली बघा: २,४०० खाटांचं केंद्र, २०२४ च्या जूनमध्ये आइसने ६० दिवसांची नोटीस दिली आणि ते बंद झालं. पुढच्याच मार्चमध्ये ते पुन्हा उघडलं. सरकारी कंत्राटात सोयीनुसार रद्द करण्याचं कलम असतंच, त्यामुळे मुदत कागदावर १५ वर्षांची असली तरी हमी नोटिशीच्या दिवसांपुरतीच. माझ्या मॉडेलमध्ये डिलेनी हॉलची कमाई २० जानेवारी २०२९ पर्यंत, म्हणजे ट्रम्प यांची मुदत संपेपर्यंत, पूर्ण धरलेली आहे आणि त्यानंतर अर्धी. क्लायंटला ते अर्धं पटत नाही, त्याच्या मते ते शून्य हवं. त्यावर आमचं अजून चालू आहे.