एकशे एक टक्के

कॅनडाची आणि अमेरिकेची व्हिस्की शेजारी शेजारी ठेवून चाखून पाहावी एवढीच माझी इच्छा होती, आणि त्या इच्छेपायी ऑक्टोबरमधल्या एका रविवारची संध्याकाळ मी सीमाशुल्काच्या कचेरीतल्या बाकावर दोन तास दहा मिनिटे बसून काढली. चाखण्याचा कार्यक्रम नंतर घरी दीड तासात आटोपला आणि तो उत्तम झाला. परंतु अजूनही कोणी व्हिस्कीचा विषय काढला की मला आधी तो बाक आठवतो आणि मग व्हिस्की.

मी कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागात राहतो. 4 मार्च 2025 रोजी आयात शुल्काच्या वादातून ओंटारिओ प्रांताच्या सरकारी मद्यदुकानांनी अमेरिकी मद्य फळ्यांवरून उतरवले. त्यामुळे कॅनडाची व्हिस्की हवी तेवढी मिळत होती, पण तिच्याशी ताडून पाहायला अमेरिकेतल्या केंटकी राज्याची एकही बाटली मिळेनाशी झाली. माझा मावसभाऊ सिनसिनाटीला असतो आणि तिथून ओहायो नदीचा पूल ओलांडला की पलीकडे केंटकीच आहे. दादा-वहिनींना भेटून बरेच दिवस झाले होते, तेव्हा शुक्रवारी जाऊन रविवारी परत यायचे असे ठरवून आम्ही दोघे गाडीने निघालो.

नियम मी वाचला होता, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण नंतर त्या कचेरीत माझ्याकडे नियम न वाचलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले गेले. कॅनडात परतणाऱ्या प्रत्येक सज्ञान प्रवाशाला 1.14 लिटर कडक मद्य शुल्काशिवाय आणता येते. अमेरिकेतली नेहमीची बाटली 750 मिलिलिटरची असते, म्हणजे दोन बाटल्यांचे दीड लिटर होते आणि ते मर्यादेबाहेर जाते. परंतु एक पूर्ण आणि एक 375 मिलिलिटरची अर्धी बाटली घेतली, तर 1.125 लिटर होते आणि माणशी 15 मिलिलिटर शिल्लकही उरते. नवरा-बायकोची सवलत एकत्र करता येत नाही, म्हणून मी माझ्या नावाने वाइल्ड टर्की 101 ही बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की, पत्नीच्या नावाने रिटनहाउस ही राय, म्हणजे राय नावाच्या धान्याची व्हिस्की, आणि दोघांच्या नावाने मेकर्स मार्क या दुसऱ्या बर्बनची एकेक अर्धी बाटली अशी वाटणी करून दोन वेगळ्या पावत्या घेतल्या. दुकानातल्या माणसाला तो हिशेब समजावून सांगताना मला स्वतःचा बराच अभिमान वाटत होता.

सीमेवरच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारले, “किती वेळ बाहेर होता?” मी म्हणालो, “दोन दिवस.” त्याने संगणकात पाहिले आणि सांगितले, “सेहेचाळीस तास पस्तीस मिनिटे.”

सवलत 48 तासांनंतर सुरू होते. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी पलीकडे गेलो होतो आणि रविवारी सव्वासहाला परत आलो होतो. 24 तासांनंतर 200 डॉलरच्या वस्तू आणता येतात, पण त्यांत दारू आणि तंबाखू धरत नाहीत. मद्याची सवलत 48 तास भरल्यावरच लागू होते आणि तोवर ती पूर्ण शून्य असते. लिटरचा हिशेब मी तीन दशांशांपर्यंत चोख केला आणि तासांचा बोटांवर केला. वाटेत कुठे तरी गाडी थांबवून निवांत जेवलो असतो, तरी हे सारे टळले असते. उलट वहिनी “चहा घेऊन निघा” म्हणत असताना मीच घाई केली होती.

शुल्क भरायला माझी हरकत नव्हती. चूक माझी होती आणि मद्याची माहिती मी आपण होऊन दिली होती. मला एक पिवळा कागद देऊन आत पाठवण्यात आले. आत सहा-सात माणसे होती, एकच खिडकी चालू होती आणि कोपऱ्यातले पेयांचे यंत्र सतत घरघरत होते. आमचा नंबर पंचावन्न मिनिटांनी लागला. खिडकीवरचा तरुण कारकून नम्र होता. त्याच्या नम्रतेबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

आकारणी बाटलीत शुद्ध अल्कोहोल किती आहे यावरही अवलंबून असते, म्हणून त्याने पावत्यांवरून एकेक बाटली संगणकात भरायला घेतली. रिटनहाउसच्या पावतीवर 100 प्रूफ असे छापले होते. त्याने अल्कोहोलच्या रकान्यात 100 लिहिले आणि संगणकाने ते निमूटपणे स्वीकारले. मग वाइल्ड टर्कीची पाळी आली. त्याने 101 लिहिले, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरे उमटली. त्याने पुन्हा 101 लिहिले. तिसऱ्यांदा एकेक आकडा बोटाने दाबून लिहिला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू काही मी काही तरी बेकायदा गाळून आणले आहे.

मी सांगितले की अमेरिकेत प्रूफ हा आकडा टक्क्यांच्या दुप्पट असतो. 101 प्रूफ म्हणजे साडेपन्नास टक्के, आणि शंभर टक्क्यांच्या वर कोणतीच गोष्ट बाटलीत भरता येत नाही. तो म्हणाला, “पावतीवर 101 आहे.” मी म्हणालो, ते तर त्या व्हिस्कीचे नावच आहे. “नावात आकडा कसा असेल?” असे म्हणून त्याने वरिष्ठ बाईंना बोलावले. बाई आल्या, त्यांनीही एकदा 101 लिहून पाहिले आणि आम्हाला बसून घ्यायला सांगितले. दरम्यान साडेसात वाजले, पाळी बदलली आणि कारकून डबा घेऊन निघून गेला. नव्या कारकुनाने पिवळा कागद पहिल्यापासून वाचला आणि विचारले, “किती वेळ बाहेर होता?”

भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा 7 वाजून 40 मिनिटे झाली होती. पत्नी हळूच म्हणाली, “आत्ता बरोबर अठ्ठेचाळीस तास झाले.” मी हे त्या कारकुनाला सांगितलेही, आणि सांगायला नको होते, कारण वेळ पहिल्या खिडकीवर पोहोचल्याची धरतात, हे त्याने मला दोन वेळा आणि मोठ्या आवाजात समजावून दिले.

अखेर ही कोंडी फोडली बाटलीनेच. गाडीतून बाटली आणायची परवानगी मिळाली आणि मी ती खिडकीवर आडवी करून दाखवली. समोर ठसठशीत 101 आणि त्याच चिठ्ठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत 50.5 टक्के. त्याने तो आकडा लिहिला आणि संगणक शांत झाला. एकूण रक्कम सांगण्यासाठी त्याने तोंड उघडले, तेवढ्यात पत्नीने विचारले, “मग त्या 100 वाल्या बाटलीचे काय?” ती नोंद शंभर टक्के शुद्ध अल्कोहोल म्हणूनच झालेली होती. एकदा केलेली नोंद रद्द करायला पुन्हा वरिष्ठ बाईंची सही लागत होती आणि बाई जेवायला गेल्या होत्या. आकडा शंभराच्या वर गेला म्हणून पकडला गेला. मी दोन्ही बाटल्या 100 प्रूफच्या घेतल्या असत्या, तर दोन्हींवर दुप्पट अल्कोहोलाचा हिशेब लागला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

आठ पंचवीसला आम्ही बाहेर पडलो. भरलेली रक्कम बाटल्यांच्या किमतीच्या निम्म्याहून बरीच अधिक होती. कोणी असा बेत आखत असेल, तर दुकानातच पावतीवर पेनाने टक्के लिहून घ्यावेत, प्रूफचा उल्लेखही करू नये, आणि पलीकडे गेल्याची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवावी. बाटल्या सीलबंद आणि चटकन हाताशी येतील अशा ठेवाव्यात. आमच्या बाटल्या वहिनींनी दिलेल्या लोणच्याच्या बरण्यांखाली होत्या.

चाखायला दिवाळीनंतरचा शनिवार धरला. शेजारचे नागपूरचे जोडपे आणि मी असे तिघे चाखणारे होतो, तर ओतण्याचे काम पत्नीकडे होते, म्हणजे कोणत्या पेल्यात काय आहे हे मलाही कळणार नव्हते. कॅनडाकडून क्राउन रॉयल, अल्बर्टा प्रीमियम आणि लॉट 40 अशा तीन व्हिस्की होत्या. पहिल्या दोन 40 टक्क्यांच्या आणि लॉट 40 ही 43 टक्क्यांची. माझे सांगणे एवढेच, की तीव्रता सारखी केल्याशिवाय तुलना करू नये. पन्नास टक्क्यांची व्हिस्की चाळीसच्या शेजारी ठेवली की तिखट लागते ती ताकद असते, आणि आपण तिला चव समजतो. प्रूफवर इतका वेळ गेल्यामुळे हे गणित मला तोंडपाठ झाले होते. 30 मिलिलिटर रिटनहाउसला साडेसात मिलिलिटर पाणी, वाइल्ड टर्कीला जवळपास आठ, मेकर्स मार्कला पावणेचार आणि लॉट 40 ला सव्वादोन मिलिलिटर पाणी घातले की सगळ्या चाळीसवर येतात. मुलीला ताप आला की औषध द्यायची सुई नसलेली सिरिंज घरात होती. त्या सिरिंजनेच हे पाणी मोजले.

माझा समज असा होता की अमेरिकी म्हणजे गोड आणि कॅनडाची म्हणजे हलकी. तो कायद्यांवरून झालेला होता. बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका लागतो, ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, आणि तिच्यात रंग किंवा स्वाद मिसळता येत नाही. कॅनडात लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरवणे सक्तीचे आहे, पण पिंप वापरलेले चालते, कॅरॅमल आणि स्वादद्रव्येही चालतात. अमेरिकेत निरनिराळी धान्ये बहुधा एकत्र शिजवतात, जशी खिचडीत डाळ आणि तांदूळ. कॅनडात बहुतेक ठिकाणी वरण वेगळे आणि भात वेगळा. प्रत्येक धान्याचे मद्य स्वतंत्र गाळून, स्वतंत्र मुरवून शेवटी कालवायचे.

आणि राय या शब्दाचा घोळ तर स्वतंत्रच आहे. राय म्हणजे आपली राई किंवा मोहरी नव्हे; ते गव्हाच्या कुळातले धान्य आहे. अमेरिकेत राय व्हिस्की म्हणायला निम्म्याहून अधिक, किमान 51 टक्के राय लागते. कॅनडात ‘कॅनेडियन राय व्हिस्की’ आणि ‘कॅनेडियन व्हिस्की’ हे कायद्याने एकच, मग आत राय नावापुरती असली तरी चालते. त्याच देशात अल्बर्टा प्रीमियम आणि लॉट 40 या मात्र नुसत्या रायच्या आहेत.

पेल्यांच्या बुडाशी क, ख, ग, घ, च, छ अशी अक्षरे चिकटवली होती. ‘ख’ नाकाशी नेताच गुळाचा पाक, चिकी आणि व्हॅनिला. ती वाइल्ड टर्की मला तिथेच ओळखता आली. मेकर्स मार्क आणि क्राउन रॉयल यांमध्ये शेजाऱ्यांची फसगत झाली, आणि ती रास्त होती, कारण मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असल्यामुळे ती जिभेला टोचत नाही. ‘घ’ पेल्याने मात्र मी पूर्ण गाफील झालो. तिच्यात लवंग होती, आंबूस पावाचा वास होता, मागाहून मिरीची झणझण होती, आणि सगळ्यांवर जळक्या ओकची तीच गोड साय होती. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, “केंटकीची राय, शंका नाही.”

ती लॉट 40 होती. तिचा कारखाना विंडसरला, डेट्रॉइट नदीच्या कॅनडाच्या काठावर आहे. तिथून अमेरिका समोर दिसते, पण व्हिस्की कॅनडाचीच. ती कोऱ्या जाळलेल्या ओकमध्ये मुरवतात, आणि मी ओळखले होते ते पिंप, देश नव्हे. खरी केंटकीची रिटनहाउस मी कॅनडाच्या खात्यात टाकली होती. तिच्यात रायच्या जोडीला मका बराच असतो, त्यामुळे मका गोड वाटला आणि मी त्याला कालवलेली कॅनेडियन समजून बसलो.

एक सांगायचे राहिले. चाखण्याआधी चकली खाऊ नये. शेजारीणबाईंनी ती आणली होती आणि मोह आवरला नाही. पहिल्या दोन पेल्यांना नुसता ओव्याचा वास आला आणि ते नंतर साध्या पाण्याने चूळ भरून पुन्हा चाखावे लागले.

मेकर्स मार्कची दुसरी अर्धी बाटली अजून सीलबंद आहे. पत्नीने तिच्या गळ्यात सीमाशुल्काची पावती रबराने अडकवून ठेवली आहे. वहिनींचा परवाच फोन आला होता. पुढच्या खेपेला आम्ही सोमवारी चहा घेऊनच निघणार आहोत.